माणदेशातला दुष्काळ कोपरखैरण्यात बसून कसा ओळखायचा? पावसाचे आकडे, उपग्रहातली हिरवळ आणि गावाकडचे फोन

माणगंगा_काठचा (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी.

गेल्या मंगळवारी ठाणे-वाशी गाडी रबाळ्याजवळ पाऊण तास अडकली होती. पारसिकच्या डोंगरावरून पाण्याचे लोट येत होते, डब्यात सगळे चिंब. तेवढ्यात गावाहून वडिलांचा फोन आला. "बाजरीनं माना टाकल्यात. आज अठरावा दिवस. ढग येतंय, वाऱ्यानं पुढं जातंय."

गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या पुढं. आजोबा ७२ च्या दुष्काळात मुंबईला आले आणि मशीद बंदरला पोती उचलायला लागले. बाजार तुर्भ्याला हलला तसे वडील माथाडी म्हणून इकडं आले. निवृत्तीनंतर ते गावी परतले, मी इथंच राहिलो. ऐरोलीला नकाशांच्या कामात नोकरी करतो, म्हणजे दिवसभर उपग्रहाची चित्रंच बघतो. मग आपल्या गावाकडंही बघावं, म्हणून दोन वर्षांपासून दर रविवारी आमच्या महसूल मंडळाचा (तालुक्याच्या खालचा, काही गावांचा गट) एक तक्ता भरतोय.

आमच्याकडं वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे आमचा जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस. सह्याद्री ओलांडून आलेला वारा खाली उतरतो, तापतो आणि ढग विरतात. म्हणून महाबळेश्वर भिजत असताना त्याच जिल्ह्यात आमच्याकडं धूळ उडते. त्यातही आमचा खरा पाऊस सप्टेंबरातला. पूर्वा, उत्तरा, हस्त बरसली तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो. जून-जुलैचा पाऊस बाजरी-मटकीपुरता आणि जनावरांच्या गवतापुरता.

तक्त्याचं वेड लागलं ते २०२३ मुळं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातले त्यात वाई आणि खंडाळा होते, माण-खटाव नव्हते. पुढं नोव्हेंबरात मंडळवार आकडे बघून आणखी शेकडो मंडळांत 'दुष्काळसदृश' स्थिती जाहीर झाली. निकष असा, की जून ते सप्टेंबर पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. तेव्हा मनात आलं, की तालुक्याची सरासरी आणि मंडळाचा आकडा यात एवढा फरक पडत असेल, तर तो फरक आपल्याला आधी, ऑगस्टातच दिसायला हवा.

आता तक्त्यात काय असतं ते सांगतो. चुका काढा, त्यासाठीच लिहितोय.

पहिला रकाना पावसाचा. मंडळवार पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर रोज मिळतो, 'महावेध'ची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं राज्यभर आहेत. पण ती अलीकडची. जुन्या वर्षांशी तुलना करायला मी हवामान खात्याचे चौकोनी जाळीतले आकडे घेतो, ते १९०१ पासूनचे आहेत. त्यातला एक चौकोन पाव अंशाचा, साधारण २७ किलोमीटर बाजूचा. अख्ख्या माण तालुक्यात असे दोन-तीनच बसतात. त्याहून बारीक हवं तर 'चर्प्स' नावाचे आकडे आहेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या केंद्रानं केलेले. साडेपाच किलोमीटरची जाळी, १९८१ पासून. ते ढगांच्या माथ्याचं तापमान उपग्रहातून बघून पावसाचा अंदाज बांधतात आणि मग जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी जुळवून घेतात.

नुसते मिलिमीटर बघून काही कळत नाही, म्हणून मी एसपीआय काढतो. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक. कोलोरॅडोत मॅकी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडला, २००९ पासून जागतिक हवामान संघटना सगळ्या देशांना तोच वापरायला सांगते. कल्पना साधी आहे. या जागेवर, वर्षाच्या याच तीन महिन्यांत, गेल्या तीसेक वर्षांत जो जो पाऊस पडला त्या रांगेत यंदाचा कुठं बसतो? शून्य म्हणजे नेहमीसारखा. उणे एकच्या खाली मध्यम दुष्काळ, उणे दीडच्या खाली तीव्र, उणे दोनच्या खाली अतितीव्र. ठाण्याला ठाण्याच्या मापानं मोजायचं आणि माणला माणच्या, हा त्यातला मोठा गुण.

दुसरा रकाना हिरवळीचा, एनडीव्हीआय. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. भरलेलं शिवार असेल तर आकडा ०.६ ते ०.८ कडं जातो, उघडं माळरान ०.१-०.२ वर राहतं. मी दोन प्रकारची उपग्रहचित्रं बघतो. नासाच्या मोडिस या उपग्रहावरच्या यंत्राची चित्रं २००० पासून सलग आहेत, दर १६ दिवसांना एक, पण त्याचा ठिपका अडीचशे मीटरचा, म्हणजे पंधरा एकर. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची २०१५ पासूनची, ठिपका १० मीटरचा. म्हणजे जवळजवळ एक गुंठा! पहिल्यांदा आमचं वावर त्यात बघितलं तेव्हा बांधावरचं चिंचेचं झाड मला ओळखू आलं होतं.

आणि इथंच माझी मोठी चूक झाली. पहिल्या वर्षी ऑगस्टात मी वडिलांना आत्मविश्वासानं सांगितलं, "आपल्या शिवाराचा आकडा ठीक आहे, नेहमीच्या आसपास आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझा उपग्रह वेडी बाभूळ मोजतोय काय?"

खरंच तसं होतं. ओढ्याच्या काठानं, गायरानात सगळीकडं वेडी बाभूळ. तिची मुळं खोल, पाऊस नसला तरी ती हिरवीगार. वर विहिरीवाल्यांचा ऊस आणि ठिबकावरची डाळिंबं. या सगळ्यांची सरासरी काढली की करपलेली बाजरी त्यात बुडून जाते. मी आकडा बरोबर काढला होता, पण भलत्याच गोष्टीचा. त्यानंतर दोन रविवार घालवून कोरडवाहू शिवाराचा वेगळा नकाशा केला. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये जे हिरवं दिसतं ते वगळलं, उरलेल्याचीच सरासरी धरली. चित्र लगेच बदललं.

अजून अडतोय तिथं मदत हवी आहे. एक, पावसाळ्यात ढगांमुळं महिना-महिना स्वच्छ चित्र मिळत नाही. दोन, पाऊस थांबल्यावर हिरवळ किती दिवसांनी पडते, हे ठरवता येत नाही. तीन, या दोन रकान्यांचं एकत्र काय करायचं?

---

दाणाबंदर (तुर्भे)

दादा, मी खटावचा. धान्य बाजारात गाळ्यावर दिवाणजी आहे. तुमचे निर्देशांक मला नवीन, पण आमचे आम्हाला माहीत आहेत ते सांगतो.

गावाकडून पोरं "काय काम हाय का" विचारत यायला लागली, की समजायचं. चांगल्या वर्षात ती दिवाळीनंतर येतात, शाळू पेरून. वाईट वर्षात गणपतीआधीच दिसतात. दुसरं म्हणजे मेंढरं. मेंढपाळ दरवर्षी कोकणाकडं उतरतात, पण ते कधी उतरले हे विचारा. तिसरं कडबा. ज्वारीपेक्षा कडब्याचा भाव आधी चढतो, कारण माणूस रेशनवर जगेल, खिलार बैलाला रेशन नाही.

२०१८ ला राज्यानं १५१ तालुके जाहीर केले तेव्हा आमच्याकडची माणसं महिनाभर आधीच चारा छावण्या कुठं निघणार याची चौकशी करत होती. हे तुमच्या तक्त्यात कुठं बसतं बघा. बसवाच.

---

आकडेमोड (खारघर, माहेर बार्शी)

धागा फार आवडला. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून पावसाच्या रकान्याबद्दल आधी.

एसपीआय एका महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा आणि बारा महिन्यांचा असा वेगवेगळा निघतो आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. बाजरीला एक ते तीन महिन्यांचा लागू पडतो. विहिरी आणि तलावांना बारा महिन्यांचा. तुम्ही फक्त तीन महिन्यांचा बघत असाल तर ऑगस्टच्या शेवटी जूनचा चांगला पाऊस त्यात मिसळतो आणि अठरा दिवसांचा खंड झाकला जातो. वडिलांनी "अठरावा दिवस" असं मोजून सांगितलं, तो आकडा तुमच्या निर्देशांकापेक्षा नेमका आहे! हवामान खात्याच्या हिशोबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. त्या नियमानं खंडाचे दिवस मोजा आणि त्यांचा स्वतंत्र रकाना करा.

शिवाय एकूण पाऊस तोच असला तरी तो पडला कसा, याला महत्त्व आहे. समजा महिन्यात ८० मिलिमीटर पडला. एका रात्रीत ८० पडला तर मुरमाड रानातून ओढ्याला जातो, बांध फोडून जातो. दर आठवड्याला वीस-वीस पडला तर पीक उभं राहतं. महिन्याच्या बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात.

हिरवळीसाठी व्हीसीआय वापरा. अमेरिकेच्या नोआ संस्थेतल्या कोगन यांनी मांडलेली पद्धत. त्याच जागेचा, त्याच पंधरवड्याचा आजवरचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त एनडीव्हीआय घ्यायचा आणि यंदाचा आकडा त्या दोघांच्या मध्ये कुठं आहे ते शंभराच्या मापात सांगायचं. समजा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुमच्या कोरडवाहू रानाचा नीचांक ०.२२, उच्चांक ०.५८ आणि यंदा ०.३१. नीचांकापासून ०.०९ वर, एकूण अंतर ०.३६, म्हणजे व्हीसीआय २५. साधारण ३५ च्या खाली गेलं की दुष्काळ धरतात.

पण एक धोका आहे. तुमच्या तालुक्यात काही गावांना उरमोडी धरणाचं पाणी आलंय ना? जिथं पाणी आलं तिथला उच्चांक गेल्या काही वर्षांत वर सरकला. पाणी न आलेल्या गावाला त्याच मापानं मोजलं तर गोंधळ होणार, आणि पाणी आलेल्या गावात पाऊस पार गेला तरी हिरवळ दिसणार. कालव्याखालचं रान आणि पावसावरचं रान यांचे दोन वेगळे इतिहास ठेवा.

---

शहापूरकर (ठाणे जिल्हा)

माझं गाव शहापूर तालुक्यात. पाऊस अडीच हजार मिलिमीटर. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात, मुंबईच्या नळाला पाणी आमच्याकडून. आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर. बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर उतरतात.

तुमच्या तक्त्यात आमचं गाव घातलं तर एसपीआय शून्याच्या आसपास, व्हीसीआय हिरवागार. दोन्ही रकाने म्हणतील सगळं ठीक. मग आमचं काय मोजायचं?

---

कातळाखालचं_पाणी (नौपाडा, ठाणे)

शहापूरकरांचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी भूजलाच्या नोकरीत आयुष्य काढलं, थोडं सविस्तर लिहितो.

दुष्काळ एका जातीचा नसतो. आधी पाऊस कमी पडतो, तो हवामानाचा दुष्काळ. मग मातीतली ओल संपते आणि पीक जातं, तो शेतीचा दुष्काळ. मग ओढे, तलाव, विहिरी आटतात, तो पाण्याचा. हे एकामागून एक येतात, कधी मध्ये काही आठवडे जातात तर कधी काही महिने. उपग्रहातली हिरवळ फक्त मधली पायरी दाखवते. शहापूरला पहिल्या दोन पायऱ्या सहसा येतच नाहीत, थेट तिसरी येते. तिथं पावसात कमतरता नाही, कमतरता आहे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकात आणि साठवणुकीत. त्याला टंचाई म्हणावं. उपाय वेगळे, मोजमापही वेगळं.

आपल्या राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, काळ्या कातळाचा. वाळूच्या थरासारखं त्यात पाणी मावत नाही. वरची झीज झालेली मुरमाची पट्टी आणि कातळातल्या भेगा, एवढीच आपली टाकी. शहापूरला डोंगरउतारावर ती टाकी ऑक्टोबरात भरलेली असते आणि मार्चपर्यंत झिरपून मोकळी होते. माणला ती मुळात भरायचीच मारामार.

७२ ची आठवण निघालीच आहे म्हणून सांगतो. जुनी माणसं म्हणतात, ७२ ला धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं. २०१२-१३ ला धान्य होतं पण पाणी नव्हतं. मधल्या चाळीस वर्षांत आपण बोअर मारत खाली गेलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या एप्रिलात वरून फोटो काढला असता तर लातूरच्या आसपास बोअरवरचा ऊस कुठं-कुठं हिरवाच दिसला असता.

जमिनीखालचं पाणी बघणारे उपग्रहही आहेत. ग्रेस नावाची जोडी २००२ ते २०१७ फिरली, २०१८ पासून तिची पुढची जोडी फिरते आहे. दोन्ही उपग्रह एकमेकांतलं अंतर सतत मोजतात आणि खालचं पाणी कमी-जास्त झालं की गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म फरकानं ते कळतं. अद्भुत शास्त्र आहे. पण त्याचा एक ठिपका शेकडो किलोमीटरचा, त्यात माण, सांगोला, जत सगळे एकत्र. गावाच्या कामाला तो येत नाही. गावाच्या कामाला गावची विहीरच. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चारदा मोजतात. पण तुमच्या वडिलांना सांगा, महिन्यातून एकदा दोर सोडा. काठापासून पाण्यापर्यंत किती हात, एवढं लिहून ठेवा. पाच वर्षांनी त्या वहीला किंमत कळेल.

---

रानपाखरू (नेरूळ)

मी बारावीला आहे, भूगोल आवडतो. एनडीव्हीआय घरच्या संगणकावर बघता येतो का? पैसे लागतात का? आमचं मूळ गाव जत तालुक्यात आहे, मी तिथं दोनदाच गेलोय.

---

माणगंगा_काठचा

रानपाखरू, एक पैसाही लागत नाही. युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाचं संकेतस्थळ उघड, नकाशावर तुझं गाव शोध, सेंटिनेल-२ निवड आणि तारीख टाक. रंगांच्या यादीत एनडीव्हीआय असतोच. आधी गेल्या ऑक्टोबरची एक स्वच्छ तारीख घे, मग मेमधली. दोन्ही शेजारी ठेव. मेमध्ये जे हिरवं राहिलं त्याच्यावर बोट ठेवून घरी आजी-आजोबांना विचार की हे काय आहे. कुणाची विहीर, कुणाची बाग, कुठला ओढा, ते सांगतील. मग गावाला तिसऱ्यांदा जाशील तेव्हा रस्ता विचारावा लागणार नाही.

आकडेमोडताई, खंडाचा रकाना कालच रात्री घातला. मागची वर्षं त्या नजरेनं परत चाळली आणि खूप काही दिसलं. हवामान खात्याच्या वर्गवारीत 'सरासरी' म्हणजे अधिक-उणे १९ टक्के. त्या 'सरासरी' खात्यात पडलेल्या वर्षांतसुद्धा तीन-तीन आठवड्यांचे खंड लपलेले आहेत. त्या वर्षांत वडिलांना दुबार पेरणी करावी लागली होती, मला आठवतंय, बियाण्याचे पैसे इथून पाठवले होते.

काका, दोराचं वडिलांना सांगितलं. म्हणाले, "हात कशाला, टेप आहे की."

---

कोरडवाहू (कळवा)

मी कृषी खात्यात खाली काम केलेला माणूस. मुलीकडं कळव्याला असतो आता. इथं सगळे उपग्रहाचं कौतुक करताहेत, ते योग्यच, पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

पूर्वी सगळं पैसेवारीवर, म्हणजे पीक किती आलं याच्या नजरअंदाजावर चालायचं. इंग्रजांच्या काळातली आणेवारी, तीच पुढं पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ. त्यात निकाल लागेपर्यंत पीक निघून गेलेलं असायचं आणि डोळ्याचा अंदाज माणसागणिक बदलायचा. मग मे २०१६ मध्ये दुष्काळावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्राची नवी दुष्काळ संहिता. तिच्यात पायऱ्या आहेत. पहिली कळ पावसाची, म्हणजे तूट किंवा खंड. ती दाबली गेली तरच पुढं परिणामांचे निकष बघायचे. पेरणी किती झाली, उपग्रहातली पिकांची स्थिती, मातीतली ओल, आणि धरणं-भूजल. शेवटी निवडलेल्या गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेरपर्यंत घ्यायचा.

कागदावर ही रचना पैसेवारीपेक्षा कितीतरी चांगली आहे. पण पहिल्या कळीतली तूट पावसाच्या बेरजेवरच ठरते. सप्टेंबरात दोन मोठे पाऊस झाले की बेरीज भरते आणि ऑगस्टात करपलेली बाजरी हिशोबातून निघून जाते. माणदेशात हे फार वेळा होतं, कारण तुमचा मोठा पाऊस सप्टेंबरातच. म्हणून खंडाचे दिवस मोजा, हे ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं.

आणि उपग्रहाला फसवणाऱ्या गोष्टी कितीतरी आहेत. पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली तर पीक उत्तम असूनही त्या पंधरवड्याचा आकडा खाली दिसतो. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, अतिवृष्टीनं मुळं कुजली, तरी हिरवळ घटते, आणि त्याचा दुष्काळाशी संबंध नसतो. उलट बाजू त्याहून वाईट. फुलोऱ्यात ताण बसलेली ज्वारी वरून हिरवी दिसते. कणीस हातात घेतलं की कळतं, आत दाणाच नाही. मी हे एका वावरात बघितलंय. ताटं डोक्याइतकी उंच, पानं हिरवी, आणि बाई कणसं चोळून दाखवत होती. तळहातावर नुसता भुसा. तिच्या पंचनाम्याच्या वेळी कुणीतरी म्हणालं, पीक तर चांगलं दिसतंय. मी ते विसरू शकलो नाही. त्यानंतर प्रत्येक पंचनाम्यात मी दहा कणसं मोडायला लावली.

---

आकडेमोड

कोरडवाहूकाका, तुमचा शेवटचा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

ढगांबद्दलचा पहिला प्रश्न राहिलाच होता. मोडिसचं १६ दिवसांचं चित्र म्हणजे त्या सोळा दिवसांतले सगळ्यात स्वच्छ ठिपके जोडून केलेलं असतं, म्हणून ते आधी बघा. सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह ढगांतून आरपार बघतो. त्याला हिरवा रंग कळत नाही, पण मातीतली ओल आणि पिकाची वाढ यांचा अंदाज येतो. तो शिकायला वेळ लागेल. खरं तर खंड असतो तेव्हा आभाळ मधूनमधून उघडतं, त्यामुळं अगदी गरजेच्या वेळी एखादं तरी चित्र मिळण्याची शक्यता जास्त. चर्प्सच्या बाबतीत मात्र उंच ढगांची काळजी घ्या. माथा थंड आहे म्हणून तिथं पाऊस धरला जातो, आणि तुमच्याकडं तो ढग वाऱ्यानं पुढं गेलेला असतो. वडिलांचं वाक्यच आहे ते. केंद्राच्या आकड्याशी ताडून बघितल्याशिवाय तो रकाना भरू नका.

---

दाणाबंदर

आणि रकाने जोडायचे कसे, याचं उत्तर कुणी दिलं नाही अजून.

---

माणगंगा_काठचा

देतो. आठवडाभर तेच करत होतो. वर लिहिलेल्या सगळ्यांच्या सांगण्यातून हे निघालंय, माझं एकट्याचं नाही.

दोन्ही मिळून एक आकडा करायचा विचार मी सोडून दिला. पाऊस आणि हिरवळ यांची सरासरी काढली की दोघांचं भांडण मिटतं, आणि शिकण्यासारखं जे आहे ते त्या भांडणातच आहे. पाऊस कमी आणि हिरवळ ठीक असेल तर मी आता तीन गोष्टी तपासतो. पाणी उपसलं जातंय का, बाभूळ मोजली जातेय का, की हिरवळ पडायला अजून वेळ आहे. पाऊस ठीक आणि हिरवळ कमी असेल तर पेरणी उशिरा झाली का, रोग पडला का, की खंड बेरजेत लपला. दोन्ही कमी असतील तर थांबायचं नाही, त्याच दिवशी गावात चार घरी फोन.

हिरवळ किती दिवसांनी पडते ते मागच्या वर्षांवरून काढायचा प्रयत्न केला. सगळ्या शिवाराला एक आकडा लागू होत नाही. ओढ्याकाठच्या काळ्या रानात ओल टिकते, तिथं हिरवळ बरेच आठवडे तग धरते. वरच्या मुरमाड माळावर ती लगेच खाली येते. म्हणून आता माळ हा माझा पहिला इशारा. माळ पडला की काळं रान पडायच्या आधी हातात थोडे दिवस मिळतात. तेवढ्यात वैरणीची सोय बघता येते.

दाणाबंदरदादा, तुमचाही रकाना घातला. त्याचं नाव 'फोन'. कामाला विचारायला कोण आलं, मेंढरं कधी उतरली, कडबा कितीला गेला. त्यात आकडा नाही, जे ऐकलं ते जसंच्या तसं वाक्य. दहा कणसांसाठीही जागा केलीय, फुलोऱ्यानंतर वडील मोडून बघणार आहेत. आणि शहापूरकर, तुमच्यासाठी वेगळाच तक्ता लागेल. विहिरीची पातळी, झऱ्याचं पाणी कोणत्या तारखेला थांबलं आणि पहिला टँकर कधी आला, एवढे तीनच रकाने. तुम्ही पाड्यावरच्या तारखा द्या, मांडणी मी करतो.

ताज्या चित्राबद्दल. शनिवारचं सेंटिनेलचं चित्र स्वच्छ मिळालं. आमचा माळ पडलाय. या पंधरवड्यात कोरडवाहू रानाचा व्हीसीआय ३५ च्या खाली आहे. विहिरींच्या भोवतीचे हिरवे ठिपके मात्र गेल्या महिन्याइतकेच दिसतात, म्हणजे उपसा चालू आहे. हे सगळं एका पानावर मांडून गावच्या गटावर टाकलं, ग्रामसेवकांना आणि मंडळ अधिकाऱ्यांना छापून द्यायला वडिलांकडं पाठवलं. वरच्या बाजूला खंडाचे दिवस मोठ्या अक्षरात.

---

शहापूरकर

तारखा गोळा करायला लागलो. आमच्या शाळेच्या मागच्या विहिरीवर एका मावशीनं भिंतीवर कोळशानं खुणा केल्यात, दरवर्षी पाणी कधी तळाला गेलं त्याच्या. तेरा खुणा आहेत. फोटो पाठवतो.

---

कातळाखालचं_पाणी

तो फोटो नीट उजेडात काढा. प्रत्येक खुणेचं वर्ष मावशीकडून आजच विचारून घ्या, पावसात भिंत धुऊन जाईल.

---

माणगंगा_काठचा

सकाळी वडिलांचा संदेश आला. "साडेआठला मापकात ६ मिलिमीटर. पहाटे पडला. बाजरीला उशीर झाला, माळाला गवत येईल. विहीर ३४ फूट ४ इंच."

तक्त्यात भरलं. खंड २६ दिवसांवर तुटला.